पुढच्या खोलीसाठी सहा बटणं

१७ डिसेंबर

आली! ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी. धाकटी जाऊ, तिची चिमणी आणि इतकं सामान की टॅक्सीवाल्याने तिसऱ्या फेरीला माझ्याकडे दयेने पाहिलं. केकचे साचे, रिबिनींचं खोकं, ग्लू गन, कपड्यांच्या दोन भल्यामोठ्या बॅगा. चिमणीची शाळेची पुस्तकंसुद्धा! सुट्टीत अभ्यास करणार म्हणे. आम्हाला दाखवायला, दुसरं काय.

"म्हटलं, ताईंना तयारीत तेवढीच मदत."

मदत! तासाभरात माझे डबे उंचीप्रमाणे लावून टाकले. संध्याकाळी चहाला साखर कुठे आहे हे मला माझ्याच स्वयंपाकघरात तिला विचारावं लागलं.

भाऊजी — माझा दीर, हिचा नवरा — कामामुळे महिनाअखेरीस येणार. तोवर ही माझ्या मानगुटीवर.

१८ डिसेंबर

दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवले. एका गृहस्थाने अकरा फ्रेमा घालून पाहिल्या आणि शेवटी बायकोला आवडलेली घेतली. जाता जाता मालकांनी गाठलं. "मग, ठरलं का तुमचं?"

मालक दुकान बंद करून मुलाकडे राहायला जाणार. काचा घासायचं मशीन मला द्यायला तयार आहेत, पण नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात जागा दाखवा म्हणतात. "मशीन काय डोक्यावर ठेवणार आहात?"

जागा आहे हो! आमची पुढची खोली. रस्त्याला लागून, वेगळं दार, दिवसभर एकसारखा उजेड. सासूबाई गेल्यापासून तिथे एक पलंग आणि जुनी वर्तमानपत्रं राहतात. इतकी वर्षं दुसऱ्याच्या दुकानात बसून जगाची नजर सुधारली. आता स्वतःची पाटी हवी मला.

नानांना — सासऱ्यांना — विचारलं की एकच शब्द. "बघू." दोन वर्षं बघताहेत. चष्मा मीच करून दिलाय, तरी दिसत नाही.

आता एकच मार्ग उरला. हट्ट.

१९ डिसेंबर

हट्ट हा सासूबाईंचा शोध. बाई गेल्या, पण पद्धत घराला चिकटवून गेल्या. वर्षाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाने स्वतः केलेला एक खाऊ आणि स्वतः केलेली एक वस्तू टेबलावर मांडायची. नाव लावायचं नाही. विकतचं चालणार नाही. प्रत्येक ताटलीपुढे झाकणाची एक डबी. एकेकाने खोलीत जायचं, चाखायचं, बघायचं आणि आवडेल त्याच्या डबीत एक बटण टाकायचं. स्वतःच्या डबीत नाही. ज्याची बटणं जास्त, तो नव्या वर्षाच्या पहिल्या चहाला एक हट्ट सांगतो. तो पुरवावाच लागतो. नाही म्हणायची सोय नाही.

थट्टा नाही ही. सासूबाईंनी एका हट्टात नानांची सिगारेट सोडवली. माझ्या नवऱ्याने कुत्रा आणला, तो आता माझ्यापेक्षा मानाने राहतो. आणि भाऊजींनी एका वर्षी लग्न मागितलं. हिच्याशी! त्या वर्षी मी माझं बटण गिळून टाकायला हवं होतं.

मी नवऱ्याला एकदा विचारलं होतं, "स्वतःच्याच डबीत टाकलं तर कोणाला कळतंय?" तो घाबरून भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाला, "आईला कळेल." मेलेल्या बाईचा एवढा धाक. मी जिवंत आहे, मला कोण विचारतं!

मी आजवर एकदाही जिंकलेले नाही. हाताला चव आहे, पण माझी जीभ सगळ्यांनी चाखलेली आहे. माझा पदार्थ ओळखला की पुढे सरकतात.

२१ डिसेंबर

ती खोली मोजत होती! दुकानातून आले तर बाईसाहेब पुढच्या खोलीत, हातात टेप, टेपचं दुसरं टोक चिमणीकडे.

"ताई, उजेड किती छान आहे हो इथे. ह्या दाराला आतून कडी बसते का नीट?"

कडी! गेल्या सुट्टीत म्हणत होती, केकचे वर्ग घ्यावेत कुठेतरी. आता कळलं, कुठेतरी म्हणजे कुठे. बायका येणार, साखरेची फुलं काढणार, आतून कडी लावून एकमेकींची स्तुती करणार.

मी म्हटलं, "कडी गंजलेली आहे."

"तेल घालते," म्हणाली. आणि घातलं!

२२ डिसेंबर

फोन वाजला की ही पिठाचे हात तसेच ठेवून फोटो काढते. ओट्याचा, ताटाचा, चिमणीचा, भिंतीवरच्या घड्याळाचा. आज माझ्या पाठीचा! सगळे नवऱ्याला पाठवायचे. "ह्यांना बघायला आवडतं." लग्नाला दहा वर्षं होऊन गेली तरी एवढं प्रेम? माझा नवरा मी समोर बसलेली असतानाही बघत नाही.

२३ डिसेंबर

साखर संपली. कोणी संपवली ते लिहीत नाही, शाई वाया जाईल.

२४ डिसेंबर

हेरगिरी केली. चिमणीला चॉकलेट दिलं आणि सहज विचारलं, "आई काय करतेय गं यंदा?"

चॉकलेट आधी खाल्लं. मग म्हणाली, "मला काही माहीत नाही. आणि माहीत असलं तरी मी सांगत नसते, मोठी आई."

आठ वर्षांची पोर, उत्तर वकिलाचं. आईचीच शिकवण.

माझं ठरलंय. संत्र्याच्या साली पाकात शिजवून, वाळवून, निम्म्या चॉकलेटमध्ये बुडवायच्या. आणि दुकानातल्या टाकाऊ काचांचं झुंबर. कडा मी स्वतः घासल्या आहेत. खिडकीत धरलं तर भिंतभर उजेडाचे ठिपके नाचतात. मलाच माझं कौतुक वाटलं. घरात दुसऱ्या कोणाला ती सवय नाही.

२६ डिसेंबर

भांडण! अखेर. ओव्हनवरून.

"ताई, तुमचं झालं की मला द्याल?"

"माझं झालं की मी ओव्हन पुसते, बंद करते आणि झोपू देते. त्याचंही वय झालंय."

"सकाळपासून तुमच्याच साली वाळताहेत."

"माझंच घर आहे."

एरवी ती इथे हसून विषय बदलते. आज नाही बदलला. हातातला साचा ओट्यावर आपटला. "तुम्हाला काय हवंय ते मला ठाऊक आहे, ताई. पण यंदा मला जिंकायचंय. कसंही करून."

"वर्ग काय, पुढच्या वर्षीही काढता येतील."

माझ्याकडे अशी पाहत राहिली की जणू मी परक्या भाषेत बोलले. साचा पुन्हा उचलून छातीशी धरला. रागाने. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ही बाई खरं बोलली.

ओव्हन दिला नाही.

२९ डिसेंबर

भाऊजी आले. घरात माणूस आल्यासारखं वाटलं. आल्या आल्या नानांची टोपी स्वतःच्या डोक्यावर, कुत्र्याशी कुस्ती, मला "काय वहिनी, जगाचे डोळे उघडलेत की नाही?" नवरा तर इतका हसला की ठसका लागला.

हिची मात्र बोलती बंद. नानांनी विचारलं, भाजी वाढू का? भाऊजी म्हणाले, "नको तिला." नवऱ्याने विचारलं, प्रवास कधी? "एक तारखेला सकाळी चहा झाला की निघायचं आम्ही तिघांनी. हो ना गं?" तिने मान हलवली. मग तिच्या ताटाकडे बघून म्हणाले, "बारा दिवसांत इथल्या दाराएवढी झालीस. घरी गेल्यावर बघू." सगळे हसले. मीही. तिने ताट बाजूला सारलं आणि पाणी प्यायला उठली, ती आलीच नाही परत.

नाटकी! जेवणाच्या टेबलावरून उठून जाणं हा काय अपमान नव्हे? रांधलं होतं मी.

३० डिसेंबर

गणित मांडलं. सहा माणसं, सहा बटणं. नानांना संत्र्याच्या साली आवडतात. चिमणी झुंबराखालून हलत नव्हती, खिडकीत टांगून पाहिलं होतं तेव्हा. नवऱ्याचं मत म्हणजे वारा येईल तिकडे. माझं स्वतःचं बटण अशा ठिकाणी टाकायचं जिथे ते निरुपद्रवी ठरेल. हिच्या ताटलीला चुकूनही नको. त्याची काळजी नाही, हिची कलाकुसर आंधळ्यालाही ओळखू येते. रिबिनीशिवाय ही पाणीसुद्धा वाढत नाही.

३१ डिसेंबर

लिहिताना दात आवळले जाताहेत.

दुपारी टेबल मांडलं. नानांच्या ताटलीत गोळीबंद पाकाची टॉफी, शेजारी लाकडी चमचा. नवऱ्याचे करपलेले दाणे आणि किल्ल्या अडकवायची फळी, माझ्याच पोळपाटाची. ओळखणार नाही मी? माझ्या साली, माझं झुंबर. पुढे एक दुमजली केक, गुलाबाची फुलं, वर मोत्यांसारखे ठिपके, शेजारी रिबिनीची पेटी. मनात म्हटलं, या बाईसाहेब! मग जॅम लावलेले पावाचे त्रिकोण आणि कागदाची साखळी. एवढा आळस फक्त भाऊजींना जमतो. आणि शेवटी बिस्किटं. वाकडी, कडेने करपलेली, एकही दुसऱ्यासारखं नाही. शेजारी पुठ्ठ्याचं इवलंसं घर, डिंक ओघळलेला, छप्पर कललेलं.

चिमणीचं. दुसरं कोणाचं असणार! पोर जिंकली तर फार फार तर सायकल मागेल. आणि खरं लिहायचं तर बिस्किट जिभेवर ठेवलं आणि विरघळलं. घराकडेही मी जरा जास्त वेळ पाहिलं. आत दोनच खुर्च्या होत्या, काड्यापेटीच्या काड्यांच्या.

माझं बटण त्या डबीत टाकलं. माझ्या हाताने!

नानांनी डब्या उघडल्या. केक — रिकामी डबी. (मी गालातल्या गालात.) पाव — एक. माझी — दोन. बिस्किटं — तीन.

"कोणाचं रे हे?" नानांनी चिमणीकडे पाहून विचारलं. चिमणीने पावाकडे बोट दाखवलं. "माझं ते आहे."

हात वर केला तो जावेने.

भाऊजी मोठ्याने हसले. "ही? हे? अगं, इतकं वाईट करायला कुठे शिकलीस?"

ती त्यांच्याशी नाही, माझ्याशी बोलली. "चांगलं केलं असतं तर ताईंनी ओळखलं असतं."

करपवलं मुद्दाम! डिंक सांडला मुद्दाम! माझ्या खुन्नशीचा अंदाज घेऊन बेतलेली बिस्किटं, आणि मी गिळली. केक भाऊजींचा. नानांनी तळाचा कागद उलटला तर दुकानाचा शिक्का. "नाना, वेळ कोणाला आहे?" म्हणून डोळा मारला. नानांनी केक उचलून ओट्यावर ठेवला, कुत्र्याच्या ताटाशेजारी.

उद्या चहाला ती हट्ट सांगणार. खोली गेली. मशीन गेलं. आता आयुष्यभर परक्याच्या काउंटरमागे, आणि घरी आले की दारात केक शिकणाऱ्या बायकांच्या चपला. मी तिला कधीही माफ करणार नाही. हे शाईने लिहितेय.

१ जानेवारी

चहा ओतला. नाना म्हणाले, "बोल गं, काय हट्ट?" मी कपात बघत होते.

ती म्हणाली, "ह्यांनी एकट्याने परत जावं. मी आणि चिमणी येणार नाही. पुढच्या खोलीत राहू."

भाऊजी हसले. दुसरं कोणीच हसलं नाही. मग तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून अगदी हळू, गोड आवाजात म्हणाले, "ऊठ. बॅग भर."

आणि ती उठायला लागली! जिंकलेली बाई, लगेच, पायात चप्पलही न घालता. चिमणी आपलं दप्तर उचलून दाराशी उभीसुद्धा राहिली होती.

"खाली बस," मी ओरडले. "चहा गार होतोय तुझा."

मालकांना फोन केला, मशीन दुसऱ्या कोणाला द्या म्हटलं. मग आत जाऊन बॅग मी भरली. भाऊजींची.