रुसलेली रसना

तीर्थस्वरूप वहिनींस,
दिराचा साष्टांग नमस्कार, गुडघे जपत घातलेला.

तापानंतर गेलेली माझ्या तोंडाची चव परत आली! दर फोनवर तुम्ही विचारायचात, "भाऊजी, आली का?" आणि मी "येईल हो" म्हणायचो. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, हे तेवढं बोललो नव्हतो.

शनिवारी घरमालकीणबाईंनी मला ओढतच खाद्यमहोत्सवाला नेलं. टीव्हीवरचे एक नामवंत शेफ चिमुकल्या वाट्यांतून सूप चाखायला देत होते. लोक आधी त्यांच्याबरोबर फोटो काढत, मग डोळे मिटून "अप्रतिम!" म्हणत. मीही हल्ली काहीच न कळता सगळ्याला "छान" म्हणत होतो. पण इथे एक घोट घेतला आणि आपल्या घराण्याच्या सवयीने बोलून गेलो, "मीठ कमी आहे."

बाईंनी कपाळाला हात लावला. शेफनी स्वतः चाखून पाहिलं, चिमूटभर मीठ घातलं आणि विचारलं, "घरीही असंच बोलता?"

"हो, वहिनींना," मी म्हणालो, आणि तेव्हा कुठे माझं माझ्या लक्षात आलं. डोळे भरून आले. ते बिचारे घाबरले, "आता जास्त झालं का?"

दादाचा खोकला कसा आहे? त्याला औषध तुमच्यासमोरच घ्यायला लावा.

इतकी वर्षं आम्ही नावं ठेवली, तुम्ही मात्र वाढत राहिलात. काल तुमच्या पद्धतीने वरण केलं. तुमच्यासारखं झालं नाही. झालं नाही हे कळलं, म्हणून दोनदा वाढून घेतलं.

तुमचा खोडकर, आता पुन्हा खादाड,
धाकटा दीर