खंडेनवमीच्या काचा

मी, पितांबर झुलाल बोरसे, वय पासष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार धुळे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोळे अधू झाले आहेत, डोके ठिकाणावर आहे. मुलगा रतिलाल गल्लीत उलटे सांगत फिरतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या धाकाने किंवा भिडेने लिहिलेले नाही. रागाने लिहिले आहे, आणि रागावलेला माणूस शुद्धीवर नसतो असा कायदा माझ्या वकिलांना सापडला नाही.

कलम १. माडीवरच्या खोल्या रतिलालला. पोटचा पोर आहे, रस्त्यावर बसवणार नाही. पण खालच्या दुकानाचा उंबरा त्याने ओलांडू नये.

कलम २. खालचे दुकान, मोठा कॅमेरा व रस्त्याकडची काचेची खिडकी माझी मुलगी सुनंदाबाई, जी शिंदखेड्यास दिली आहे, तिला. लहानपणी ती माझ्याबरोबर अंधाऱ्या खोलीत काम शिकली. काच कडेने धरायची, हे तिला सांगावे लागत नाही. जावईबापूंनी यात लक्ष घालू नये; त्यांना कापसाच्या भावाखेरीज काही कळत नाही.

कलम ३. लाकडी पेटीतल्या काचाही सुनंदालाच, आणि खरे मृत्युपत्र एवढेच आहे.

पूर्वी फोटो काचेवर घेत. ती काच असली की हव्या तेवढ्या प्रती निघतात. ती गेली की फोटो गेला. आमच्याकडच्या एका जिनचे, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे, शेठ मला दर खंडेनवमीला बोलावत. त्या दिवशी यंत्रे बंद. त्यांना हळदकुंकू, नारळ, झेंडूचे हार. शेठला यंत्राचा फोटो हवा असे, पण यंत्र केवढे आहे ते नुसते पाहून कळत नाही. मग ते म्हणत, "पितांबर, दोन पोरं शेजारी उभी कर. मापाला."

पोरे लांबून आणावी लागत नसत. यंत्राखाली शिरून सरकी ओढायला मोठा माणूस मावत नाही, म्हणून ती बाराही महिने तिथेच. सणालाही यंत्रे पुसायला त्यांनाच बोलावत. हार लोखंडाला आणि पोरांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा, अशी ती पूजा.

एका काचेत भिकी आहे, आताची भिकुबाई. परकर नेसलेली, यंत्रावर हात ठेवून उभी, पाचही बोटे स्वच्छ दिसतात. पुढच्या खंडेनवमीच्या काचेत तीच पोर, तेच यंत्र, हार नवा. हात तिने परकरात लपवला आहे. मी म्हटले, हात बाहेर काढ बाई. शेठ म्हणाले, राहू दे, यंत्र नीट येऊ दे. तिच्या आईला त्यांनी सांगितले होते की पोरगी खेळताना पडली.

शेठ वारले. चिरंजीव बन्सीलाल आता निवडणुकीला उभे आहेत. भर सभेत म्हणाले, आमच्या जिनमध्ये पोर कधी राबले नाही. माझ्या काचांचे कोणीतरी कानावर घातले तेव्हा दुकानात आले आणि म्हणाले, ती पोरे सणाचा प्रसाद खायला आली होती. मी त्यांना चहाही विचारला नाही. रतिलालने रस्त्यापर्यंत पोचवले.

नंतर मी शिंदखेड्याला गेलो असताना रतिलालने सोड्याच्या गरम पाण्यात काचा घालून खरवडायला घेतल्या. परतल्यावर मला म्हणाला, "नाना, काच चांगली आहे, तसबिरींना लागेल." त्यात जिनमधल्या उखर्डू या पोराची काच गेली. उखर्डूचा दुसरा फोटो नव्हता. फोटो काढला त्याच वर्षी तो यंत्राच्या पट्ट्यात सापडून मेला. चौकातल्या मारुतीच्या तसबिरीला आज तीच काच आहे. मी त्या देवाला नमस्कार करत नाही आणि पोराला माफही करत नाही.

उरलेल्या काचांच्या प्रती सुनंदाने दर खंडेनवमीला रस्त्याकडच्या खिडकीत मांडाव्यात. हार घालायचा तर त्यांना घालावा, कॅमेऱ्याला नको. खाली पोरांची नावे लिहावीत. यंत्राचे नाव कोणी विचारले तरी सांगू नये.

कलम ४. महाल, तळे आणि हंस रंगवलेला मागचा पडदा बन्सीलाल शेठ यांना. त्याच्यापुढे उभे राहून भाषण करावे, शोभेल.

कलम ५. गिऱ्हाइकांना फोटोपुरता घालायला देत असे तो काळा कोट, लग्नात ज्याला कोट मिळत नाही अशा पहिल्या नवरदेवाला.

भिकुबाईला मागची खोली द्यायची होती. तिने आयुष्य भाड्याच्या खोपटात काढले आहे. वकील म्हणाले, जिला काही मिळते तिची साक्ष कोर्टात लंगडी पडते; खोली द्या किंवा साक्षीला घ्या. मी तिला दोन्ही सांगितले आणि खोली घे म्हणून हात जोडले. ती म्हणाली, "खोली ऱ्हाऊ द्या, आबा. मी साक्ष देसू. काचा धुई टाकल्यात ते माले अंगठा व्हता, हाई कोन सांगी?"

म्हणून तिला काही ठेवलेले नाही. हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

धुळे, खंडेनवमी, शके १८७९, सन १९५७.

सही: पितांबर झुलाल बोरसे

साक्षीदार पहिला: कौतिक हिलाल सोनवणे, राहणार नशिराबाद. सही.

साक्षीदार दुसरी: भिकुबाई पुना अहिरे, राहणार धुळे. लिहिता येत नाही. रिवाजाप्रमाणे डाव्या अंगठ्यासाठी चौकट आखली आहे. ती कोरीच राहील, कोणी भरू नये. उजव्या अंगठ्याची निशाणी शेजारी घेतली आहे.