फक्त दोन वर्षांनी मोठी

प्रिय अक्का,

तू गेल्यावर सात महिन्यांनी लिहिते आहे. मंगळवारी बारावीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, खूप दिवस उदास राहिलं तर माणूस लवकर म्हातारा होतो का?"

मी धुळ्याला जीवशास्त्र शिकवते, उत्तर मला येत होतं. सांगितलं, की पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना टोपणासारखं संरक्षण असतं. पेशी विभागत जाते तसं ते झिजतं. वर्षानुवर्षं नैराश्यात असलेल्या लोकांत ते जास्त झिजलेलं आढळलं आहे. एकामुळेच दुसरं होतं, असं मात्र अजून पक्कं म्हणता येत नाही. मुलींनी लिहून घेतलं. मी फळा पुसला.

तू माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी होतीस ना? जामनेरच्या लग्नात एका बाईंनी तुझ्याकडे बघून मला विचारलं होतं, "या तुमच्या आई का?" मी हसले आणि पुढे गेले. बहीण आहे, एवढंही म्हणाले नाही. तू ऐकलं होतंस. येताना गाडीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस.

तेव्हा तू सेहेचाळीसची होतीस. दाजी प्लँटवर ड्यूटीला गेले, की दीपनगरच्या क्वार्टरमध्ये तू पुन्हा आडवी व्हायचीस. चिरायला घेतलेली भाजी तशीच पडून राहायची. मी एकदा विचारलं, तर म्हणालीस, "माले काहीच गोड लागत नही." कशामुळे, ते तुलाही सांगता आलं नाही. मी तुला फिरायला जा म्हटलं, रक्त तपासून घेतलं, लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. मनाच्या डॉक्टरांचं नाव काढलं नाही. लोक काय म्हणतील, ही भीती तुला होती की मला? मला होती, अक्का.

पण तूही एकदा हट्ट धरायचा होतास! पन्नाशीत तुझं हृदय बंद पडलं, आणि भेटायला येणाऱ्यांना दाजी सांगत राहिले, तिला काही आजार नव्हता. नैराश्यानंच तू गेलीस, असं मी म्हणणार नाही; ते मला माहीत नाही. आजार होता, हे मात्र माहीत होतं.

आता तुझ्या प्राचीचं. जळगावला खोली घेऊन शिकते आहे. महिनाभर ती कॉलेजला गेली नाही, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. फोनवर म्हणाली, "मावशी, मला रडूसुद्धा येत नाही." मी सल्ला दिला नाही. मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ या का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, "तू येशील?"

शनिवारी सकाळच्या एसटीनं निघते आहे. ती म्हणाली तर आत तिच्याशेजारी बसेन, नको म्हणाली तर बाहेर बाकावर. आणि ओळखीचं कुणी भेटून विचारलं, इथे कशाला आलात, तर जे आहे ते सांगेन.

तुझी धाकटी,
मंदा