खानमला विचारून सांगतो

काशान, नवरोजला पंधरा दिवस

आदरणीय आबजी एफत,

तुझे हात डोळ्यांना लावून धाकट्या भावाचा, फरामर्जचा सलाम. तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि यज्दच्या अंगणातलं डाळिंब ठीक असावं. माझं विचारशील तर तू दूर आहेस याखेरीज मला कसलंही दुःख नाही. (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खोटं आहे.) फोनच करणार होतो, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून रडता येत नाही.

मलीहे गेल्यानंतरचा हा पहिला नवरोज. म्हणजे गमीचं घर म्हणून सगळं गणगोत आधी माझ्या दारात येऊन बसणार. तेव्हा घर ती ठेवायची तसं दिसावं, एवढीच माझी इच्छा आहे. पण जुना व्हॅक्यूम क्लीनर तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या दुवेलाच धूर सोडून गेला. त्याच्या पोटात पिशवी असते आणि ती रिकामी करावी लागते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. (नद्या कुठून निघून कुठे जातात हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. माझ्या घरातली धूळ कुठे जाते, याचा पत्ता नाही.)

मग गेलो बाजारात नेमत आगाच्या दुकानी. चाकांचा डबा आणि लांब नळी असलेला दाखवा म्हटलं. त्याने विचारलं, "मास्तर, घरात जमीन कसली आहे?" आबजी, त्या घरात मी एकतीस वर्षं राहतोय आणि मला उत्तर येईना! परत येऊन गुडघ्यांवर रांगत पाहिलं. बैठकीत तिच्या माहेरचा हातविणीचा गालिचा, ओसरीत ठिपक्यांची मोझॅक फरशी, निजायच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं जाजम, स्वयंपाकघरात गुळगुळीत टाइल. नेमत आगा म्हणाला, गालिच्याला ओढ कमी ठेवा, नाहीतर झालरी गिळेल. जाजमाला ओढ पूर्ण हवी. फरशीला केसाळ ब्रश, आणि चाकं रबराचीच, नाहीतर टाइलवर ओरखडे. एवढं ऐकून माझं डोकं गरगरलं, आणि सुटका करून घ्यायला आयुष्यभर बायकोच्या नावावर जे म्हणत आलो तेच तोंडातून गेलं, "खानमला विचारून सांगतो."

तो म्हणाला, "जरूर विचारा. वापरायचा त्यांनाच आहे."

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी गेलो आणि म्हणालो, खानम म्हणते डबा जड आहे. तिसऱ्या दिवशी म्हणालो, खानमला आवाज सोसत नाही. नंतर नळी आखूड पडली, मग रंग पसंत पडेना. एकदा मी स्वतःच मोठ्या मोटरचा हट्ट धरला, तर नेमत आगा तिचीच बाजू घेऊन मला म्हणाला, "मास्तर, खानम बरोबर बोलतायत. तुम्ही उगाच नाक खुपसू नका." मी तिच्यावर चिडून घरी आलो, जेवलोही नाही. मग लक्षात आलं, रुसलो तरी जेवायला उठवणारं कुणी नाही.

नऊ वेळा गेलो, आबजी. चहा पिऊन पिऊन पित्त झालं. काशानात तेवढ्या एका दुकानात ती अजून जिवंत आहे, नाकं मुरडते, माझं खोडून काढते. यंत्र घेतलं की ती तिथूनही जाणार. शेवटी काल घेतलं. इतके दिवस त्याचा वेळ खाल्ला, लाज वाटली.

भाऊजींना सलाम. पोरांचे मुके घे.

तुझा फरामर्ज

ता. क. : खरं काम राहिलंच. पुढल्या गुरुवारी नेमत आगा यंत्र घेऊन स्वतः येणार आहे, खानमना नीट समजावून द्यायला. नाही म्हणायला तोंड उघडलं नाही. तेव्हा तू बुधवारच्या बसने ये. स्वयंपाकघरात पडद्याआड बस. त्याचं बोलणं तुला ऐकू येणार नाही, पण मी जोरात खोकलो की "समजलं" एवढं म्हण. (दोनदा खोकलो तर "जड आहे" म्हण.)

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवतच होतो तेवढ्यात नेमत आगा आजच येऊन उभा राहिला. गुरुवारी दुकानात गर्दी असेल म्हणे. उंबऱ्याबाहेर थांबला आणि मोठ्याने ओरडला, "या अल्लाह!" घरात बाईमाणूस असलं की पुरुषाने ओरडावं तसं, तिला चादर डोक्यावर घ्यायला वेळ मिळावा म्हणून. दहा महिन्यांत माझ्या दारात कुणी असं ओरडलं नव्हतं. सगळ्यांना माहीत आहे, सरळ आत येतात. मी पूर्वीसारखंच म्हणालो, "या, या, घेतलीय तिने चादर डोक्यावर."

तो नजर खाली घालून आला. पडद्याकडे तोंड करून अर्धा तास सगळं समजावलं, कुठला ब्रश कशाला, पिशवी कधी काढायची. मी खोकलोसुद्धा नाही. मग पायरीवर बूट घालताना, वर न बघता म्हणाला, "खुदा त्यांना जन्नत देवो, मास्तर. चाळिसाव्याला मी मागच्या रांगेत होतो."

आबजी, त्याने सांगितलेलं एक अक्षर माझ्या डोक्यात राहिलेलं नाही, आणि विचारायला आता त्या दुकानात जाववणार नाही. पडद्याआड बसायचं काम संपलं. तरी बुधवारची बस चुकवू नकोस.