अठ्ठ्याहत्तर सालची राहिलेली मॅच

पाइन फोर्क, अलाबामा
रविवार, चर्चहून आल्यावर

तीर्थस्वरूप थर्मनभावोजी यांस धाकटा मेव्हणा वेंडेल याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात).

इकडे सर्व ठीक. तुमची साखर आटोक्यात असावी, लोरेटाताईचा गुडघा तिला पायऱ्या चढू देत असावा आणि तुमचा रागही वयाप्रमाणे थोडा उतरला असावा, अशी आशा आहे. गेल्या थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना ‘पहिला तुकडा विजेत्याला’ म्हणून मी तो स्वतःच्याच ताटात वाढून घेतला, आणि तुम्ही हॅट चढवून, ताईला उठवून, केळ्याचं पुडिंग गाडीतच ठेवून तडक जॉर्जियाला निघून गेलात. तेव्हापासून तुमचा फोन नाही. ताई करते, पण तुम्ही दाढी करत असताना, चोरून. नळ बंद झाला की फोन बंद. सख्ख्या बहिणीशी नळाच्या हिशेबाने बोलावं लागतं, भावोजी, हे काही बरं नाही.

आणि भांडण कशाचं? अठ्ठ्याहत्तर सालचं! आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ, म्हणजे आमची ‘खेचरं’, एकही मॅच हरली नाहीत, तुमच्या कॉलेजचे ‘पाणकावळे’ही हरले नाहीत, आणि दोघांची गाठ पडलीच नाही. पत्रकारांनी मतं टाकून आम्हाला अजिंक्य ठरवलं, प्रशिक्षकांनी मतं टाकून तुम्हाला. आमच्या पाण्याच्या टाकीवर आम्ही रंगवलं ‘देशात पहिले’, तुमच्या टाकीवर तुम्ही. (तुमचा रंग उडालाय, मागच्या खेपेला पाहिला.) हल्लीच्या पोरांना प्लेऑफ आहे. बारा कॉलेजं निवडतात, एकमेकांवर सोडतात, शेवटी उरेल तो राजा. मी म्हटलं, मग आपल्याच सालाने काय घोडं मारलंय? राहिलेली मॅच आता खेळवू, एकदाचा सोक्षमोक्ष लावू, आणि भावोजींना मानाने जेवायला बोलावू.

त्यासाठी पशुखाद्याच्या दुकानात समिती बसवली. प्रश्न दोन संघांचा होता. पण समितीच ती! पाद्री लोमॅक्स म्हणाले, त्या साली आमचं कॉलेज तिसरं होतं, आम्हाला वगळलंत तर देवाला काय तोंड दाखवाल? तिघांत जोड्या लागेनात म्हणून चार केले. चार केल्यावर पाचवा रडायला लागला. दुसरी कॉफी येईपर्यंत सोळा संघ झाले होते आणि सोळावा त्या वर्षी एकसुद्धा मॅच जिंकलेला नव्हता. शेवटी आमची अर्लीन कडाडली, “अहो, भांडण दोघांचं, त्यात सोळा गावांचं वऱ्हाड कशाला?” तेव्हा कुठे दोनावर आलो. पाद्रीबुवांची समजूत काढायला त्यांना पंच केलं.

मग खेळाडू शोधले. त्या संघातला आमच्या गावी एकच उरलाय: आघाडीच्या फळीतला व्हर्लन सग्ज. तेव्हा तो भिंत होता, आता अख्खी इमारत आहे. तुमच्याकडचा म्हणजे तुमचेच दातांचे डॉक्टर एमेट प्रूइट, जे तेव्हा चेंडूला लाथ मारून दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून पार करायचे. आता एकाला फक्त अडवता येतं आणि दुसऱ्याला फक्त लाथ मारता येते, त्यामुळे नियम आपोआपच ठरला. डॉक्टरांनी एक लाथ मारायची, व्हर्लनने अडवायची. गेला तर पाणकावळे, नाही तर खेचरं.

काल सकाळी शाळेच्या मैदानावर दोन्ही गावं लोटली. तुम्ही नाही आलात. म्हणजे आलात, पण कुंपणाबाहेर ट्रकच्या काचा वर करून बसलात. (अहो, नंबरप्लेटवर पाणकावळा लावून कुणी लपतं का?) तिथून ओकच्या झाडामागे गोलपोस्ट दिसत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

चेंडू पार गेला की नाही ते सांगायला पोस्टखाली मला उभं केलं होतं. तुमच्या गावाने आधी हरकत घेतली, मग त्यांच्यातलीच एक म्हातारी म्हणाली, “वेंडेल भांडकुदळ आहे, पण खोटारडा नाही.” डॉक्टरांनी पँट वर ओढली, चार पावलं धावले आणि काय लाथ हाणली म्हणून सांगू! व्हर्लनने दोन्ही हात वर केले. बोटांना चाटून चेंडू उंच उडाला, आडव्या दांडीवर आपटला, आणि त्याच क्षणी व्हर्लन धाडकन पडला. अख्खी जनता व्हर्लनकडे बघायला लागली. मोबाइलवाल्यांनी मोबाइल तिकडेच वळवले. पाद्रीबुवांनी तर त्याच्या नव्या गुडघ्यासाठी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली.

व्हर्लनला काही झालं नव्हतं. डॉक्टर धापा टाकत त्याला उठवायला गेले आणि त्याच्याच शेजारी बसले. व्हर्लन ओरडला, “वेंड्या, अडवला ना रे?” डॉक्टर ओरडले, “गेला की नाही, सांग लवकर!” दोघे म्हातारे गवतात मांडी घालून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून माझ्याकडे टक लावून बघत होते. खरं सांगतो, मला भडभडून आलं. तेवढ्यात तुमच्या ट्रकची काच चार बोटं खाली आलेली दिसली.

मी म्हटलं, सूर्य डोळ्यांवर आला हो, दिसलंच नाही.

दोन्ही गावांनी मिळून मला शिव्या घातल्या. एवढी एकजूट अठ्ठ्याहत्तरनंतर प्रथमच झाली. मग निकालासाठी मतदान घेतलं. समसमान! म्हणजे घरापासून निघालो आणि घरीच पोचलो. असो. ताईला नमस्कार, कुत्र्याला थाप.

तुमचा,
वेंडेल टगल

ता. क. : गुरुवारी थँक्सगिव्हिंगची टर्की आहे. अर्लीन म्हणते, ताईचं पुडिंग या वेळी गाडीतून खाली उतरायला हवं. टर्की कापायची सुरी तुमच्याच हाती देणार आहे.

ता. क. २ : तुम्ही नसलात की जेवताना मी एकटाच बोलतो आणि सगळे हो हो म्हणतात. घास उतरत नाही हो, भावोजी. या ना.

ता. क. ३ : सूर्य माझ्या पाठीशी होता. चेंडू दांडीच्या कुठल्या बाजूला पडला, ते तुम्ही खुर्चीत बसल्यावर सांगेन.