वीस हेलकाव्यांना चाळीस सेकंद

बाई,

आज दुपारी सव्वातीनच्या सुमारास आमचा लपवलेला आकडा उघडला, आणि तेव्हापासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. कामोठ्यातल्या दोन खोल्यांत येरझाऱ्या तरी किती घालणार. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो ओट्यावरच निवून गेला. नवरा ऑफिसातून सारखे मेसेज करतो आहे, "काय झालं? आलं का उत्तर?" मी त्याला नुसते हसरे चेहरे पाठवते आहे. आमच्यात नियमच असा की निकाल छापायला जाईपर्यंत गटाबाहेर कोणालाही सांगायचा नाही, नवऱ्यालाही नाही. पण पोटात मावेना, म्हणून कागद घेऊन बसले. तुम्हाला सांगितलं तर नियम मोडत नाही, असं माझं मीच ठरवून टाकलं आहे. तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं झाली.

काम तुम्हाला पटकन कळेल. परदेशातल्या एका प्रचंड यंत्रात प्रोटॉन एकमेकांवर आपटतात आणि त्या धुमाळीत क्वचित एखादा जड क्वार्क असलेला कण जन्माला येतो. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केलेत तर त्यातले जेमतेम दीड भाग तो जगतो. तेवढ्यात सेंटिमीटरभर पळतो आणि फुटतो. आम्हाला दिसतात ते फुटल्यावर उडालेले तुकडे. त्यांच्या वाटा मागे मागे नेल्या की कण कुठे जन्मला, कुठे फुटला ते कळतं, आणि मधलं अंतर आणि वेग यांवरून त्याचं आयुष्य निघतं. सहा वर्षं मी अशाच एका कणाचं आयुष्य काढते आहे, याच टेबलाशी बसून, शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत. सिद्धान्त मांडणारे म्हणतात, ते अमुक इतकं असायला हवं. पण त्याहून ते खरंच थोडं कमी भरलं, तर आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी त्या कणाला लवकर फोडतं आहे असा अर्थ होईल.

आता तुमच्या लॅबची गोष्ट, ती टाळून पुढे जाता येणार नाही. अकरावीचं वर्ष. मी आणि आपट्याहून येणारी माझी जोडीदारीण लोलकापुढे उभ्या आहोत. तुम्ही प्रत्येक जोडीला दोरी आधीच बांधून दिली आहे, सोबत चिठ्ठी: लांबी शंभर सेंटिमीटर. दोरी मोजायची नाही, फक्त वेळ घ्यायची, अशी सक्त ताकीद. वीस हेलकाव्यांना घड्याळ साडेअडतीस सेकंद दाखवतं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. गणित केलं तर गुरुत्वाचं उत्तर येतं हजाराच्या वर, आणि पुस्तकात ते नऊशे ऐंशी असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी म्हणाले, "आपलंच काहीतरी चुकतंय." जोडीदारीण म्हणाली, "मग चाळीस लिव ना. बाई काय घड्याळ बगायला आल्यान?" मी चाळीस लिहिले. खरं वाटावं म्हणून एकदा थोडे कमी, एकदा थोडे जास्त, असे अगदी सुवाच्य अक्षरात.

तास संपताना तुम्ही सगळ्या वह्या टेबलावर मागवल्यात. बाकी सगळ्यांची उत्तरं हजाराच्या वर, दोघी-तिघी तर रडकुंडीला आलेल्या. आमचं तेवढं नऊशे ऐंशीला टेकलेलं. मला वाटलं, आता शाबासकी. एरवी तुम्ही वर्गात पुस्तकासारखं बोलायचात, पण राग आला की तुमची उरणच्या खाडीकाठची भाषा वर यायची. "सगल्यांचं चुकलं आनि तुमचंच बरोबर कसं आलं गं? दोरी ब्याण्णवची हाय. शंभर आमी मुद्दाम खोटं लिवलंय." मग माझ्याकडे बघून, आवाज खाली आणून, "उत्तर आदीच म्हाईत असलं ना, की डोल्यांना घड्याल दिसत नाय." ते पान तुम्ही फाडलं नाहीत आणि त्यावर सहीही केली नाहीत. वर्षभर ते तसंच राहिलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं, मी घरी जाऊन सांगितलं की बाईंनी स्वतःच खोटी लांबी दिली आणि वर मलाच बोलल्या. त्यानंतर बारावी संपेपर्यंत मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले.

पीएचडीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी सांगितलं की मोजणीचं काम पूर्ण होईपर्यंत खरं उत्तर आपण स्वतःपासूनच लपवतो. उत्तरात एक अज्ञात आकडा मिसळून ठेवायचा, तो कोणीच बघायचा नाही, आणि पद्धत पक्की झाल्यावरच काढून टाकायचा. नाहीतर माणूस आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत चुका शोधतो आणि ते आलं की शोधायचं थांबतो. सगळे गंभीरपणे लिहून घेत होते आणि मला हसू आवरेना. जगभरातली हुशार माणसं जे करतात ते पनवेलच्या कॉलेजात तुम्ही दोरीच्या गुंड्यावर केलं होतं. तेव्हाच यायला हवं होतं तुम्हाला सांगायला. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले, आणि तुम्ही गेलात तेव्हा मी पनवेलमध्येच असूनही आले नाही. माझी तुम्हाला आठवण असेल तर त्या चाळीस सेकंदांचीच असेल, याची लाज वाटली. अजून वाटते.

तो अज्ञात आकडा कॉम्प्युटर एका वाक्यापासून तयार करतो. वाक्य कोणीही द्यावं. आमच्या कामासाठी मी तुमचंच ते डोल्यांना घड्याल न दिसण्याचं वाक्य दिलं, इंग्रजी अक्षरांत. माझ्याबरोबर काम करणारा जर्मन मुलगा विचारत होता, याचा अर्थ काय. मी म्हटलं, आमच्या खाडीवरची म्हण आहे. तो ती आता सगळ्यांना ऐकवतो, उच्चारांची पार वाट लावून.

आकडा खरं तर पंधरा दिवसांपूर्वीच उघडायचा होता. आदल्या दिवशी मला दिसलं की एका वर्षाचा डेटा बाकीच्या वर्षांशी किंचित जुळत नाही. जर्मन म्हणाला, "इतका फरक चालतो, उगाच कशाला थांबायचं?" त्याला नोकरीसाठी अर्ज करायचे होते, मलाही आता दम निघत नव्हता. पण मी नाही म्हणाले. डोळ्यांत तेल घालून शोधलं तेव्हा सापडलं, त्या वर्षासाठी डिटेक्टरच्या, म्हणजे ते उडालेले तुकडे टिपणाऱ्या उपकरणाच्या, पट्ट्या कुठे बसवल्यात याचा जुना नकाशा वापरला गेला होता. म्हणजे पुन्हा लांबीच चुकीची. या वेळी कोणी मुद्दाम लिहिली नव्हती एवढंच.

आणि आज. स्क्रीनवर वीसेक चेहरे. आमचं काम तपासायला नेमलेल्या बाईंनी विचारलं, "आकडा काहीही आला तरी पद्धत बदलणार नाही, कबूल?" मी कबूल म्हणाले. जर्मनाने अज्ञात आकडा मिसळणारी ओळ पुसली, प्रोग्राम चालवला. मग आकडा आला. तो काय आला ते इथेही लिहीत नाही, पण सिद्धान्ताच्या अगदी शेजारी येऊन बसला. टाळ्या, आरडाओरडा, कोणीतरी खुर्चीवरच नाचत होतं. इतक्या बारीक मापाने या कणाचं आयुष्य आमच्यापैकी कोणी काढलेलं नव्हतं. बाई, एक गोष्ट इतका क्षणभर जगते आणि आपल्याला तिचं वय सांगता येतं, अजून माझा विश्वास बसत नाही. फार फार आनंद झाला आहे मला.

हे दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही, म्हणून इथे लिहून टाकते. मला कमी आयुष्य हवं होतं. सहा वर्षं कोणाला बोलले नाही, पण मनात तेच होतं. टाळ्या चालू असताना माझा माइक बंद होता आणि मी त्या एका वर्षाची फाइल उघडली होती. वाटलं, अजून काहीतरी राहिलं असेल, जरा बघावं. दहा-पंधरा सेकंद ती माझ्यासमोर तशीच उघडी होती. मग कशालाही हात न लावता बंद केली. उद्या-परवा नवऱ्याला आकडा सांगेन, पण हे नाही सांगणार.