सरकारी डोस

माय, एका ताटाचा हिशेब तुला सांगायचा आहे. साधं स्टीलचं ताट. दुकानदारानं मागितलं ते दिलं, मी घासाघीससुद्धा केली नाही. त्याची खरी किंमत मागाहून कळली. ते घरात आल्यापासून माझ्या पुढ्यातली तळलेली मिरची कुणी उचलून नेत नाही, ‘अर्धी भाकरी घेता का’ म्हणून कुणी हात पुढे करत नाही. मी पुढच्या खोलीत खुर्चीवर जेवतो. डाव्या हाताला स्वयंपाकघराचं दार आहे, आत बायको, मुलगा, सून, नात असे सगळे बसतात. हल्ली ते फार हळू बोलतात. आजारी माणसाच्या घरात बोलावं तसं.

आजारी म्हणजे मीच. तुला पटायचं नाही. देवपुरातून एक स्क्रूड्रायव्हर घेऊन निघालेला तुझा मुलगा आज जळगावच्या पिंप्राळ्यात मोटार रिवाइंडिंगचं स्वतःचं दुकान चालवतो. केळीवाले शेतकरी पाण्याच्या मोटारी घेऊन येतात. मी चालू मोटारीला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि बेअरिंग गेलंय की आणखी एक हंगाम काढेल ते सांगतो. फोनवरच्या नुसत्या ‘हां’ वरून गिऱ्हाईक येणार की टाळतंय हेही ओळखतो. सगळ्यांना सांगत आलोय, मोटारी खोलणारे जळगावात पुष्कळ आहेत, न खोलता ऐकणारा मी एकटा.

मग कोरडा खोकला सुरू झाला. कफ नाही, काही नाही, नुसती ढास. दुकानाच्या दोन पायऱ्या चढलो की दम लागायचा. नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या, डोळे चुरचुरायला लागले. छातीचा फोटो काढला तर त्यातही गाठी. गाठी म्हटल्यावर आपल्याकडे दुसरा शब्द कुणाला सुचतो? मलाही टीबीच सुचला. कुणी सांगायच्या आत मी ते ताट विकत आणलं. कुणी वेगळं ठेवण्यापेक्षा आपणच वेगळं झालेलं बरं.

डॉक्टरीणबाई मात्र घाई करेनात. नाकातून नळी घालून आतला तुकडा काढला, तपासायला पाठवला. मग समोर बसवून म्हणाल्या, “काका, टीबीचा जंतू नाही सापडला. हा सार्कॉइडोसिस.” मी म्हटलं, “मराठीत सांगा.” त्या हसल्या. म्हणाल्या, “मराठीतही हेच नाव. शरीराचे राखणदार शत्रू नसताना एका जागी गोळा होतात, त्यांच्या बारीक बारीक गाठी होतात. कशामुळे, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही.” मी म्हटलं, “म्हणजे लाइनीत फॉल्ट नाही आणि स्टार्टर ट्रिप मारतोय.” त्यांना ते आवडलं. कधी आपोआप शमतो, म्हणाल्या, कधी मुक्कामच ठोकतो. फुफ्फुसात जास्त, पण डोळे, कातडी, हृदय, नसा, कुठेही जाऊ शकतो, म्हणून सगळं तपासत राहायचं. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे दोनदा सांगितलं. शेवटी विचारलं, “ऐकायला काही त्रास?” मी मोठ्यानं हसलो. “बाई, कानांवर तर माझं घर चालतं.” त्यांनी तसं लिहून घेतलं.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. तोंड सुजलं, साखर वाढली, भूक अशी की समोरचं ताटही खावं. बायकोनं आजाराचं नाव पाठ करून बहिणीला फोनवर सांगितलं. तिकडे मुक्ताईनगरला ते ऐकू गेलं ‘सरकारी डोस’. आणि सरकारी डोस म्हणजे फुकट मिळणाऱ्या टीबीच्या गोळ्या, हे पोरांनाही ठाऊक. आठवडा गेला नसेल, तिकडचे एक जुने गिऱ्हाईक, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दुकानाच्या दारातूनच ओरडले, “शेठ, सरकारी डोस चालू झाला म्हणे! पुरा करा बरं का, मधी सोडू नका!” मी समजावलं. ते मान हलवत राहिले आणि चहा उभ्यानंच, बाहेर प्यायले. दहा वर्षं आम्ही एका कपातला चहा बशीत ओतून वाटून घेत होतो.

माय, तेव्हा काका आठवला, बाबांचा धाकटा भाऊ, टीबी झालेला. तू कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवायचीस. शेगडीशी भाकरी थापताना तुझं अर्धं लक्ष त्याच्या त्या जर्मन धातूच्या ताटाकडे असायचं. ते ओट्याबाहेर, राखेनं वेगळं घासलेलं. मी एकदा त्याच्या ताटातला वांग्याच्या भरताचा घास घेतला तर तू हातावर उलथनं मारलंस. “त्याना ताटले हात लावू नको, कितला येळा सांगू?” काका माझ्याकडे बघून हसला, “भाऊ, तुनी माय खरं सांगस.” पुढे तो बरा झाला, डॉक्टरांनी सांगितलं, तरी ताट बाहेरच राहिलं. तुला खानावळ सांभाळायची होती, ते मला समजतं. मला विचारायचं होतं ते इतकंच, काका बरा झाल्यावर तू त्याला आत बोलावलंस का कधी? आणि बोलावलंस, तर तो का आला नाही?

काल जेवताना मी बायकोला म्हटलं, “लागत नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं ना? मग एकदा तरी म्हणायचं, आत या.” तिनं ताट खाली ठेवलं. म्हणाली, “अहो, रोज हाक मारते. आधी मी, मग नात. तुम्ही मान वर करत नाही. वाटलं, तुम्हालाच नको असेल.”

आज दुकान उघडल्या उघडल्या चालू मोटारीला स्क्रूड्रायव्हर टेकवला. मूठ उजव्या कानाला लावली, बेअरिंग स्वच्छ ऐकू आलं. डावीकडे लावली. हाताला मोटारीची नुसती थरथर लागली.

डॉक्टरीणबाईंना सोमवारी सांगेन, बायकोला संध्याकाळी. तू गेल्यावर हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचा ते माहीत नाही, टाकणारही नाही. तुला मात्र सगळ्यांच्या आधी सांगावंसं वाटलं. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही, माय.